काढ म्हणजे काय

सोम., ३ नोव्हें.
चितळी सोडल्यावर फियाट पुन्हा बंद. आधी इंजिनाचं मिसिंग, मग सायलेन्सरमधून दोन फटाके, मग गप्प. उसाच्या ट्रॉल्या शेजारून जात होत्या, एकही थांबली नाही. हे बाजूच्या सीटवर, उजवा हात मांडीवर मी ठेवला तसाच. कपाळावरचा घाम पुसायला गेले तर म्हणाले, काढ.

जूनमध्ये अर्धांग झालं तेव्हापासून ह्यांच्याकडे हा एकच शब्द उरलाय. चहाला काढ, पंख्याला काढ, उशीला काढ, सगळ्याला काढ. जन्मभर वर्गात अखंड बोललेला माणूस. डॉ. म्हणतात, होतं असं, एखादाच शब्द राहतो.

राहात्याची फिजिओ. बुडाली. तिथली मुलगी बजावून म्हणाली होती, हातात जी काही हालचाल यायची ती या पहिल्या महिन्यांतच, पुढे अवघड. रिक्षात हे कलंडतात. एस.टी.चं तर नावच नको. गाडी हवीच.

बुध., ५ नोव्हें.
राहात्याहून शब्बीरभाई येऊन गेले. डिस्ट्रीब्यूटर गेलाय. (पाळीपाळीने प्लगांना करंट वाटतो तो डबा. हे दर रविवारी उघडून बसायचे, मी नाक मुरडायची.) शाफ्ट हलतोय, त्याच्याभोवतीचं बुश झिजलंय, पॉइंट जळालेत. आता एक तर आहे तोच काढून, नवं बुश करून भरायचा. नाही तर अख्खा नवीन, बिनपॉइंटचा. "जुना भरून दिला तर किती दिस चालंल सांगता येत न्हाई, बाई. नवा टाकला की इसरून जावा." पण जुना ह्यांच्या हातचा. घरात ह्यांच्या हातची दुसरी कुठलीच वस्तू मला सांगता येणार नाही.

ह्यांना खुर्चीवर अंगणात आणलं. विचारलं, जुनाच नीट करायचा? काढ. नवीन बसवायचा? काढ. शब्बीरभाईंना हसू आलं, मग मलाही. कितीतरी दिवसांनी हसले, आणि लगेच वाईट वाटलं.

संध्याकाळी विलासभाऊजींचा, धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, दादा बरोबर बोलतोय. गाडीच काढून टाका. माझी बोलेरो हाय की." बोलेरोत चढवायचं कसं ते नाही सांगितलं. ज्याला जे हवं ते ह्यांच्या शब्दात बरोबर सापडतं.

सोम., १० नोव्हें.
गुरुवारची फिजिओ. बुडाली, आजचीही. बुश करून देणारा संगमनेरचा लेथवाला म्हणतो हंगाम सुरू झालाय, कारखान्याची कामं अंगावर आहेत, बुश पुढच्या आठवड्यात. तेही नक्की नाही.

ह्यांची नखं काढायला बसले. उजवी मूठ उघडेना. मागच्या आठवड्यात उघडत होती. एकेक बोट सोडवलं, आत तळव्यावर नखांचे व्रण. मला रडू आलं ते ह्यांनी बघितलं. बघू दे.

नवीन मागवला.

मंगळ., ११ नोव्हें.
बसला. पण नीट लिहून ठेवते. हे ओट्यावर खुर्चीत. शब्बीरभाईंनी पाना लावला तसे हे सुरू झाले, काढ, काढ, काढ. डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत. आवाज इतका मोठा मी जूननंतर ऐकला नव्हता. शब्बीरभाई थांबले. म्हणाले, सर दुसरं काहीतरी म्हनत असतील. मीच म्हटलं, काढ म्हणजे काढ, तुम्ही काढा. मीही अर्धा जन्म मुलांना व्याकरण शिकवलं. क्रियापद आहे आणि कर्म नाही, हे मला कळू नये?

कळलं होतं. पण गुरुवारी जायचं होतं.

गाडी पहिल्याच चावीला सुरू. ह्यांनी तोंड फिरवलं, डोळे भरलेले. अशा आजारात उगाच डोळे भरून येतात, असं डॉ. म्हणाले होतेच. मी तेच धरून बसले.

गुरु., १३ नोव्हें.
गाडी लोण्यासारखी. दारातच हे पाय ताठ करून उभे. काढ. शेजारच्यांनी उचलून बसवलं. फिजिओ.मध्ये हात वर घेतलाच नाही. ती मुलगी म्हणाली, सर आज मनाने आलेलेच नाहीत.

माझी खात्री झाली, जुन्यासाठी रुसलेत. भरून आणते, पुन्हा बसवू.

रवि., १६ नोव्हें.
जुना डिस्ट्रीब्यूटर पुसून ह्यांच्या मांडीवर ठेवला. वाटलं, रविवार आहे, चेहरा खुलेल. डाव्या हाताने उचलला, माझ्याकडे सरकवला. काढ. रागाने नाही. दारावरचा भाजीवाला नको म्हणून पुढे घालवावा, तसं.

म्हणजे रुसवा जुन्यासाठी नव्हता. मग एवढे ओरडले कशासाठी?

मंगळ., १८ नोव्हें.
शब्बीरभाई टायमिंग बघायला आले. चहा झाला. जाताना गाडी सुरू करून बघितली, परत बंद केली. म्हणाले, "बाई, बोलू का नको, ठरत न्हाई. त्या दिशी सर गाडीकडं बघतच नव्हते. हाताकडं बघत हुते. त्यांच्या सवताच्या."

मी म्हटलं, कुठल्या? उगाचच विचारलं. बडवत होते तो हात बघायचं त्यांना काय कारण.

लेथवाल्याला फोन करून बुश करू नका म्हणून कळवलं. मग वाटलं असू दे, पुन्हा करा म्हणून सांगितलं. तो वैतागला.

विलासभाऊजींना काही सांगितलं नाही. ते लगेच डॉ.ना फोन लावतील, आणि मग डॉ. काहीतरी स्पष्ट बोलतील.

गुरु., २० नोव्हें.
सकाळी गार होतं. फिजिओ.साठी ह्यांना स्वेटर चढवत होते. डावी बाही झाली. तेवढ्यात ह्यांनी डाव्या हाताने उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि माझ्या हातात ठेवला. हळू, जपून. काढ, म्हणाले. आवाज शांत. उगाचची बडबड नव्हती ती, मलाच सांगत होते.

मी म्हटलं, बाही टोचते का? स्वेटर काढला.

ह्यांनी मान हलवली. नाही. जूननंतर पहिल्यांदा इतकी स्पष्ट मान हलवली, फिजिओ.च्या मुलीला दाखवावी अशी. पुन्हा तो हात माझ्या हातात दिला. काढ.

किती तरी वेळ मी तो धरून बसले. गरम होता, जड होता. बोटं मिटलेली.

मग म्हटलं, काढते हं. आणि उठून गाडी काढली.