जाड तारेमागची शांतता

४ मार्च, सोमवार

घरी बसायला सांगितलंय. चौकशी संपेपर्यंत कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. मॅनेजर म्हणाला, "रजाच समजा." रजा! पैलवानाचा हात कोपरापासून गेला आणि मी रजेवर!

लिहायची सवय नाही. पण बायको दिवसभर शिलाईच्या दुकानात असते. भिंतींशी बोलायला लागलो तर लोक म्हणतील, फिटरचाच एक स्क्रू ढिला झाला.

५ मार्च

झालं ते एकदा मांडून ठेवतो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

आमच्या कागदमशीनवर ओला कागद वाळवणारे रोलर आहेत. शनिवारी त्यातल्या एकाचं बेअरिंग फिरता फिरता जाम झालं. रोलर जागेवरून निखळला आणि पैलवान नेमका तिथे उभा. मशीन चालवणारा तोच. किंकाळी मी अजून ऐकतोय.

बेअरिंग आधीपासून बोलत होतं का, एवढाच प्रश्न आहे. साडू म्हणतो, बोलत होतं. साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचा नवरा. मीच त्याला चिकटवला होता कारखान्यात, तेलवाला म्हणून. ग्रीसची पिचकारी घेऊन दिवसभर मशीनभोवती फिरतो. गुरुवारी माझ्याकडे आला. "दादा, शिट्टी मारतंय हो ते. बारीक." मी माझा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक बेअरिंगच्या लोखंडी घरावर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे बंद. या कारखान्यात बेअरिंग असंच तपासतात आणि मीच तपासतो. घरघर एकदम स्वच्छ होती. म्हटलं, "अरे, तुझेच कान वाजतायत!" सगळे हसले. तोही हसला.

मी मशीन थांबवलं नाही. का थांबवू? काही नव्हतंच.

७ मार्च

पोरीचा फोन. परगावी गेल्यापासून फार पुटपुटते. तीनदा "काय?" म्हटलं तेव्हा ओरडून म्हणाली, "बाबा, नुसते बसू नका! कपाटात माझा जुना स्पीकर आहे, तो लावा. गाणी पाठवते."

पाठवलं काय, तर जॅझ! मला वाटायचं जॅझ म्हणजे सर्कशीचा बँड. उड्या मारणारा, चकचकीत. हे भलतंच निघालं. एकजण जाड तारेवर बोट आपटतो. दुसरा पितळी वाद्यात घसा बसल्यासारखा काहीतरी सांगतो आणि अर्ध्यात सोडून देतो. पियानोवाला उशिरा येतो, दोन बोटं टेकवतो, परत गप्प. वाटलं, भांडण झालेलं दिसतंय यांचं.

बंद केलं. मग घर इतकं शांत झालं की परत लावलं.

८ मार्च

मेव्हणी आली नाही. या दोघी बहिणींना एकमेकींना सांगितल्याशिवाय शिंकही येत नाही. आठवडा झाला, येणं नाही, फोन नाही.  बायको भांडी आपटते.

११ मार्च

त्यातल्या एका तुकड्याने पकडलंय मला. नाव माहीत नाही. पोरीने पाठवलेल्यातला चौथा.

पितळवाला एक ओळ वाजवतो. खालच्या सुरात, रडून झाल्यावर माणूस बोलतो ना, तशी. मग थांबतो. आणि मग काही नाही. चांगलं मोठं काही नाही! तार अधूनमधून एक टोला देते, बस्स. बाकी सगळा अंधार. मी खुर्चीत पुढे सरकून बसतो. आता येईल, आता येईल. तो येतच नाही. शेवटी आला की मी परत पाठ टेकतो.

असं गप्प राहायला काय छाती लागत असेल! आमच्याकडे बारशापासून बाराव्यापर्यंत कुणाचं तोंड मिटत नाही.

पोरीला सांगितलं, चौथ्यातली शांतता फार आवडली. ती म्हणाली, "कुठली शांतता? तो तर किती झुळझुळतो हो!" तिला कामाची घाई असते. दुसऱ्याच कुठल्या तरी तुकड्याचं म्हणत असेल.

१२ मार्च

यंदा खिडकीत चिमण्या नाहीत. बरं झालं, मध्ये कटकट नको.

१४ मार्च

पैलवानाला बघून आलो. उशीवर ते पांढरं बांधलेलं ठेवलंय. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेलो आणि तिकडेच बघत बसलो. एका फटक्यात कागदाचा गठ्ठा खांद्यावर घेणारा माणूस. आता त्याच्या शर्टाची बटणं त्याची आई लावते.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "फिटर, कुणाची चूक ते एकदा कळू दे. मग मी झोपेन." 

आई दारापर्यंत आली. "तुम्ही ऐकलं होतंत ना नीट?" "हो," म्हटलं. "देवाशपथ."

घरी येऊन चौथा लावला. दुःखाला एवढं कमी वाजवून पुरतं, हे मला या वयात कळतंय. रडलो. बायको दुकानात होती, म्हणून.

१८ मार्च

चौकशी. टेबलापलीकडे तीन माणसं. एकाने विचारलं, "तेलवाला म्हणतो आवाज येत होता. तुम्ही म्हणता नव्हता. कुणाचं धरायचं?" मॅनेजरच मध्ये बोलला, "साहेब, यांचा कान म्हणजे कान आहे. सत्तावीस वर्षांत एक बेअरिंग चुकलेलं नाही." मी मान खाली घातली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जबाब लिहून होईपर्यंत मला बाहेर थांबवलं; तिथे बाकावर साडू बसला होता. मी परत आत निघालो तेव्हा मला म्हणाला, "दादा, एकदा आठवून बघा ना. दोन दिवस वाजत होतं." मी आठवून बघितलं. खरंच बघितलं. डोळे मिटून ती घरघर पुन्हा ऐकली आणि तिच्या मागे चौथ्या तुकड्यातल्यासारखी स्वच्छ शांतता होती. ज्याला एवढी शांतता ऐकू येते, त्याला शिट्टी ऐकू येणार नाही होय?

आत जाऊन सांगितलं, "आवाज नव्हता. ग्रीस राहिलं असेल." सही केली. नात्यासाठी खोटं बोलणाऱ्यातला मी नाही.

२१ मार्च

साडूला काढलं. निष्काळजीपणा. आता दुसरा कारखानाही दारात उभं करणार नाही. मला सोमवारपासून कामावर बोलावलंय.

संध्याकाळी मेव्हणी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. बायको म्हणाली, "अगं ये ना." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांनी ग्रीस भरलं होतं, भाऊजी. आवाज येतो म्हणून दोनदा भरलं. पण तुमच्या कानांपुढे आमचं कोण ऐकणार!" आणि गेली. बायको दाराला धरून उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली. मी म्हटलं, "खरं तेच बोललो मी." तिची पाठ होती माझ्याकडे. काही म्हणाली असेल तर मला ऐकू आलं नाही.

२२ मार्च

दिवसभर चौथा. दुसरं काही सोसत नाही.

२४ मार्च, रविवार

बायको इस्त्री करत होती. चौथा लावला. पितळवाला थांबला, माझी शांतता आली, आणि तिचं बोट टेबलावर चालायला लागलं. ठेक्यात. म्हणाली, "हे सळसळतंय ते काय गं बाई? झाडूने पत्रा झाडल्यासारखं. छान आहे."

"कुठे?" म्हटलं. "इथे काहीच नाही."

"काहीच नाही काय? सुरुवातीपासून चालू आहे की! आत्तासुद्धा."

स्पीकरला कान लावला. मग पेटीतून स्क्रूड्रायव्हर आणला. टोक स्पीकरवर, मूठ कानामागे, डोळे बंद. तार आली. बाकी अंधार. डोळे उघडले तर तिने इस्त्री उभी करून ठेवली होती आणि माझ्याकडे बघत होती. बोट अजून चालू होतं.

विचारलं, "खिडकीत चिमण्या आहेत का?"

"सकाळपासून उच्छाद मांडलाय त्यांनी," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, तेवढं कळलं.

शिट्टी होती. बारीक आवाज माझ्याच कानांना येत नाहीत. चप्पल घालतो आणि साडूकडे जातो. तिथून पैलवानाकडे.