पाच ओळींत न मावणारा प्रश्न

अब्बा, तुम्ही गेलात तेव्हा चंद्रपुरात इंटरनेट आलं नव्हतं, म्हणून आधी सांगतो की आता कम्प्युटरवरही चौकशीची खिडकी असते. कोणीही प्रश्न लिहून टाकतो, कुठूनतरी कोणीतरी उत्तर देतो. रांग दिसत नाही, पण चिडते तशीच. आमच्या मराठी फोरमवर सध्या भांडण पेटलंय: प्रश्न केवढा असावा? बहुतेक म्हणतात, पाच ओळी. त्याहून लांब असेल तर काढून टाकायचा.

मला एसटी स्टँडवरची तुमची चौकशीची खिडकी आठवते. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवून मी हवेत होतो, तुमचा डबा घेऊन आलो होतो. जाळीपलीकडे जंगलातल्या गावची एक बाई उभी आहे. तिला कुरखेड्याची गाडी हवी आहे, आणि ती सांगते आहे की पोरगी तिथे दिलेली, पहिलटकरीण, जावयाचा निरोप आला, सोबत तांदूळ घेतले, कोंबड्या शेजारणीकडे ठेवल्या. मागून एकजण म्हणतो, "बाई, बस विचारून राह्यली का सोयरीक जुळवून राह्यली?" रांग हसते. मीही तुमच्या खांद्यावरून म्हणतो, "बाई, मुद्द्याचं बोला."

तुम्ही वळलाही नाहीत. "मुद्दा माहीत असता तर बाई इथी काऊन आली असती?" मला एवढंच, आणि मग तिला, "सांग बाई, निरोपात काय होतं?"

निरोपात होतं की पोरीला गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलंय. गडचिरोलीची गाडी लागलेलीच होती. ती धावत गेली. मागचा माणूस म्हणाला, "भाऊ, माही बल्लारशाची गेली ना निघून." तुम्ही त्याची माफी मागितलीत. ही गोष्ट मी भाषणांत सांगतो, पण तो भाग गाळतो. एकाचं ऐकताना दुसऱ्याची गाडी चुकते, हे सभेत सांगायला अवघड जातं.

या आठवड्यात कुरखेड्याकडच्या एका आईचा प्रश्न फोरमवर आला. मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. लिहिलेलं संपता संपत नाही. कोणीतरी टोमणा मारला, "ताई, कादंबरी छापायला टाका." दुसरा म्हणाला, थोडक्यात लिहा, नाहीतर बंद करू. मी पेटलो. लिहिलं की थोडक्यात विचारता येणं ही ज्याला अर्धं उत्तर ठाऊक आहे त्याची चैन आहे. जो खरंच अडलाय त्याला कुठली गोष्ट कामाची आणि कुठली नाही हेच कळत नाही, म्हणून तो सगळं सांगतो. त्याचं सगळं ऐकून कामाचं वेचणं हे उत्तर देणाऱ्याचं काम आहे. आजही माझं हेच मत आहे आणि ते बदलणार नाही. वाहवा खूप झाली. प्रश्न काढला गेला नाही.

आज सकाळी त्याखाली तिने लिहिलं: "सर, तुमचं समदं वाचलं. सोमवारी शाळा उघडते. मंग पोराले होस्टेलात धाडू का नाई?"

वाहवा करणाऱ्यांपैकी कोणी तिला उत्तर दिलेलं नाही. ओळखीच्या डॉक्टरांना विचारायला मी फोन लावला, आणि त्यांनी मुलाचं वय विचारलं.

हे कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. मला मुलाचं वय सांगता आलं नाही, अब्बा. तिचा प्रश्न मी अर्ध्यावरच वाचायचा सोडून भाषण सुरू केलं होतं.