पाखऱ्यासाठी टूल बघणे आहे

५ जानेवारी, रविवार

आजपासून कामाला सुरुवात. कॉम्प्युटर गेम बनवणार. विषय: आमचा बैल पाखऱ्या आणि आमच्या नांदे गावचा बैलगाडा शर्यतीचा घाट. विषय कुणालाही सांगायचा नाही. हिंजवडी हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे लाखभर माणसं एसीत बसून दुसऱ्याच्या कल्पनेची वाट बघत असतात.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवतो, पुढे पत्रकार विचारतील. पाखऱ्या जत्रेत घाट गाजवायचा. तो म्हातारा होऊन गेला. मग जमीन गेली, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या, आणि घाट होता तिथे आता टॉवरचं पार्किंग आहे. लोक अजून म्हणतात, जयसिंग, तुझा पाखऱ्या काय पळायचा रे. म्हणजे मार्केट तयार आहे.

खोली नंबर सहा मी ऑफिस म्हणून ठेवली आहे. पाखऱ्याची दावण नेमकी इथेच होती. आमच्या मिसेस साधना यांनी विचारलं की त्या खोलीत दिवसभर करता काय. सांगितलं, गेमचं संशोधन. ती म्हणाली, चैत्रातल्या जत्रेपातूर गेम दाखवा, न्हाईतर सहा नंबर भाड्यानं जातीया. मान्य केलं. तीन महिने म्हणजे डोक्यावरून पाणी.

६ जानेवारी

प्रोग्रॅमिंग येत नाही. ही अडचण नव्हे. नवशिक्यांसाठी सोपी टूलं मिळतात असं कळलं. फक्त योग्य ते निवडायचं, आणि निवड हा तर आमच्या घराण्याचा विषय. आजोबा बाजारात लांबून चाल बघून बैलाची खोड सांगायचे. तेच नियम लावायचे. दात बघा, भोवरा बघा, चालवून बघा, आणि विकणारा फार गोड बोलायला लागला तर घरी या.

९ जानेवारी

तीन नंबरमधला भाडेकरू निषाद आयटीत आहे. त्याला आडून विचारलं. म्हटलं, माझ्या एका मित्राला गेम बनवायचाय, बैलाचा नाही. तो म्हणाला, काका, मित्राला सांगा ते मांजरवालं टूल घ्या, रंगीत ठोकळे जोडायचे फक्त, एकदम बिगिनर-फ्रेंडली आहे, आणि फ्री.

फ्री! बाजारात कुणी बैल फुकट देत असेल तर तो मारका तरी असतो नाहीतर चोरीचा. आणि विचारल्याबरोबर एवढा चांगला सल्ला निषादने का द्यावा? त्याचं भाडंही दरमहा वेळेवर येतं. माझा आधीपासून संशय होता.

११ जानेवारी, सकाळी

तरी मोकळ्या मनाने मांजरवालं उघडलं. नारळ ठेवला. एक ठोकळा लावला, हिरवं निशाण दाबलं. मांजर डावीकडून उजवीकडे आडवं गेलं.

टूल बंद केलं.

१४ जानेवारी, संक्रांत

साधनाला मांजराचं सांगितलं. ती म्हणाली, तुमीच चालवलं म्हनून चाललं न्हवं का ते. तिला तांत्रिक बाजू कळत नाही. दोन नंबरची भाडेकरू सोनिया तिळगूळ घ्यायला आली होती, ती फार हसली. ही मुलगी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे कंपनीत दुसऱ्यांच्या कामातले दोष काढते आणि वर पगार घेते. नक्की कशाला हसली त्याचा छडा लावायला हवा.

२१ जानेवारी

टूल नंबर दोन. तोंड दाखवायच्या आधीच नाव, ईमेल आणि जन्मतारीख मागतं. गेम बनवायचाय की सोयरीक जुळवायची? सावधगिरी म्हणून भुकूमच्या कुशाबाची जन्मतारीख दिली. कुशाबा म्हणजे तिकडचा खोलीमालक आणि माझा जुना प्रतिस्पर्धी. त्याचा बैल कायम पाखऱ्याच्या मागे. चौकात त्याच्या पन्नाशीचा फ्लेक्स आहे, तारीख तिथून मिळाली. पासवर्ड असा ठेवला की कुणाच्या बापालाही ओळखता येणार नाही.

२२ जानेवारी

पासवर्ड मलाही ओळखता येत नाही. टूल सुरक्षित आहे एवढं सिद्ध झालं. आता त्यात जाता येणार नाही.

३ फेब्रुवारी

टूल नंबर तीन. महिनाभर वापरून बघा, मग ठरवा म्हणतात. ही पद्धत आवडली. आपल्याकडेही बैल औताला जुंपून बघू देतात. पण मग ध्यानात आलं की मी जे बनवीन ते त्यांच्या सर्व्हरवर राहणार. म्हणजे बैल माझा, गोठा त्यांचा. सकाळी उठून बघावं तर दावं कापलेलं!

निर्णय: ट्रायल चालू ठेवायची, पण त्यात काही बनवायचं नाही. फक्त नजर ठेवायची.

८ फेब्रुवारी

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. माइकवर लावली. माइक नेमका कुठे आहे याची खात्री नसल्यामुळे सगळ्या भोकांवर लावली. शिकवणीच्या व्हिडिओतला मुलगा आता नुसते ओठ हलवतो. तरी भाव समजतो. मला तो प्रामाणिक वाटत नाही.

१७ फेब्रुवारी

टूल नंबर चार उतरवून घेतलं. आकाराने फार मोठं. लॅपटॉपला धाप लागली. चार नंबरमधल्या पोरांनी खिडकीतून बघू नये म्हणून मी लॅपटॉपसकट घोंगडीत बसलो होतो. थोड्या वेळाने लॅपटॉप बंद पडला, मग मला चक्कर आली. टूल जड कामाचं आहे, आपल्या हलक्या जमिनीला चालायचं नाही.

एकंदरीत प्रगती समाधानकारक. तीन टूलं बाद, एकावर नजर.

२५ फेब्रुवारी

सल्ला तर हवा, पण भिंतीला कान. बाजारात व्यापारी भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून सांगतात. शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागत नाही. निषादकडून तसंच उत्तर काढायचं ठरवलं. संध्याकाळी त्याला ओट्यावर बोलावलं, त्याच्या हातावर उपरणं टाकलं, आत हात घातला, एक बोट दाबलं, मग चार दाबली आणि डोळ्याने खुणावलं, की परत मांजरवालं घेऊ की चौथं, बोल.

तो पांढरा पडला. म्हणाला, काका, माझं लग्न ठरलंय.

याचा टूलशी काय संबंध ते कळलं नाही. विषय बदलण्याची ही आयटीवाल्यांची रीत असावी.

१ मार्च

निषाद खोली सोडून बावधनला गेला. निरोप घेताना लांबूनच हात जोडले. कल्पना घेऊन पळाला याबद्दल आता शंका उरली नाही. साधना म्हणाली, सोन्यासारखा भाडेकरू घालवला तुमी, आता गेम न्हाई झाला तर तीन नंबरासंगं सहा नंबरबी लावते भाड्यानं. आवाज चढलेला होता.

५ मार्च

ट्रायल संपली. महिनाभर टूल नंबर तीनवर नजर ठेवली, त्याने काहीही संशयास्पद केलं नाही. फारच मुरलेलं दिसतंय.

१३ मार्च, होळी

काम नाही, सण आहे.

१४ मार्च

काम नाही, काल सण होता.

१८ मार्च

घरात काहीतरी शिजतंय. रोज संध्याकाळी साधना दोन नंबरमध्ये सोनियाकडे जाऊन बसते. दार पुढे केलेलं. आतून हसण्याचे आवाज. मी पाणी मागायला गेलो की गप्प. सोनिया लॅपटॉपचं झाकण पाडते. आमच्या मिसेसनी आयुष्यात मिक्सरचं बटण सोडून दुसरं बटण दाबलेलं नाही, तेव्हा लॅपटॉपवर भाडेकरूंच्या जाहिराती बघत असणार. सहा नंबरसाठी गिऱ्हाईक शोधतायत.

२३ मार्च

दोन नंबरच्या दाराला कान लावला. आत घुंगरांचा आवाज. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा! धोंडाबाई शेजारीण पायरीवरून म्हणाली, काय ओ जयसिंगराव, भाडेकरणीच्या दाराला कान लावून काय करतायसा? सांगितलं, दार फुगलंय का ते बघतोय. तिने ते गावभर सांगितलं असणार.

रात्री जेवताना साधनाने सहज दाखवत विचारलं, आवो, पाखऱ्या घाटाच्या वळणावर थांबून मागं बघायचा न्हवं का, तवा मान कुटल्या बाजूला करायचा? माझा घास हातात राहिला. ही माहिती तिला कशाला हवी? निषादने बावधनहून पेरलेली माणसं घरापर्यंत आली काय? म्हटलं, गोपनीय आहे. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, मला ठावं हाय, मीच त्याला भाकरी घालत व्हते. आणि आमटी वाढली.

२४ मार्च

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. आज ऑफिसात दार लावून बसलो होतो. टूल नंबर पाच बघायचं होतं, बघितलं नाही. उगाच दावणीची जागा शोधत बसलो. वर फरशी आहे, तरी सापडली. कपाटाच्या पुढच्या पायाशी. पाखऱ्याची फार आठवण येते. सगळे बैल गाडा सुटला की पुढे बघतात. हा वळणावर क्षणभर थांबायचा, मी मागे आहे का ते बघायचा, आणि मग सुटायचा. तरी पहिला यायचा.

ही खोली गेली तर मी बसायचं कुठे?

२ एप्रिल

टूल नंबर पाच: सगळं इंग्रजीत. टूल नंबर सहा: सगळं मराठीत. हे जास्त संशयास्पद. आपल्या भाषेत बोलून कोण जवळ येतो ते जमीन विकताना बघितलंय.

८ एप्रिल

साधनाकडे मुदतवाढ मागितली. कारणं लेखी दिली: मांजर, पासवर्ड, निषाद, घोंगडी, होळी. ती म्हणाली, जत्रा का तुमच्यासाठनं थांबायची हाय? पण रागाने नाही म्हणाली. गालात हसत म्हणाली. गिऱ्हाईक पक्कं झालेलं दिसतं.

१२ एप्रिल, जत्रा

गेम तयार नाही हे गावाला समजावून सांगण्यासाठी भाषण लिहिलं. नाव: "घाई आणि गुणवत्ता". ते खिशात घालून देवळाच्या पटांगणात गेलो. मोठा एलईडी पडदा लावलेला. पालखी टेकली, आरती झाली, मी उठणार तेवढ्यात माइकवर सोनिया. म्हणाली, साधनाकाकूंनी एक गेम बनवलाय.

पडद्यावर मांजर आलं. मग मांजर गेलं आणि पाखऱ्या आला.

पाखऱ्याच. तोच पांढरा, तसेच खांद्यावर तांबूस ठिपके, कडब्यासारखा थोडा वेडावाकडा काढलेला, पण तोच. पाठीमागे आमचा घाट, पार्किंग व्हायच्या आधीचा. घुंगरं वाजली. वळणावर तो थांबला, डावीकडून मान वळवून मागे बघितलं, आणि सुटला. डावीकडूनच. तिला ठाऊक होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पडद्याचा उजेड फार होता.

गावातली माणसं एकेक करून खेळायला लागली. गोजराबाई ऐंशीची, तीसुद्धा बटणं दाबून ओरडत होती, पळ रं माझ्या राजा. गेममध्ये एक गंमत घातली आहे. गाडा सुटायच्या वेळी खांद्यावर उपरणं घेतलेला एक माणूस बैलापुढे येतो. दात बघतो, भोवरा बघतो, शेपटी उचलून बघतो, मान हलवतो, परत दात बघतो. त्याला वेळेत बाजूला सारलं नाही तर शर्यत संपून जाते आणि गाडा जागेवरच राहतो. तो आला की अख्खं पटांगण हसायचं. मीही पोट धरून हसलो. असली माणसं असतात.

तो कुणावरून घेतलाय ते लक्षात आलं नाही, पण ओळखीचा वाटला. माझा संशय कुशाबावर आहे. तेवढ्यात कुशाबाच शेजारी येऊन पाठीवर थाप मारून म्हणाला, जयसिंग, तुजी चाल हुबेहूब उतरलीया की रं! हा माणूस अजून पाखऱ्यावर जळतो.

भाषण खिशातच राहिलं.

१३ एप्रिल

साधनाला विचारलं, कुठल्या टूलवर केला. म्हणाली, त्या मांजराच्या. मांजर आडवं गेलं त्याचं काय केलं विचारलं. म्हणाली, त्याला आदी पुसून टाकलं, मग बैल काढला.

१५ एप्रिल

सहा नंबर गेली. भाड्याने नाही. दारावर पाटी लागली आहे: सौ. साधना, गेम ऑफिस. माझं टेबल व्हरांड्यात आलं. कपाट मात्र तिने हलवू दिलं नाही. म्हणाली, त्या पायाखाली पाखऱ्याची जागा हाय. मला वाटायचं ते फक्त मला ठाऊक आहे.

२० एप्रिल, रविवार

साधना आणि सोनियाने मला नोकरी देऊ केली. गेमचा पुढचा भाग निघणार आहे, त्याआधी पहिल्यातले दोष काढायला माणूस हवा. साधना म्हणाली, सोन्यातबी खोट काढनारा मानूस घरात असताना भाईर कुटं बघू? सोनिया म्हणाली, काका, कंपनीत याला फार मान असतो. दोघी इतकं गोड बोलल्या की मी घरी जायला उठलो. मग आठवलं की घरातच आहे. अटींचा विचार करून होकार दिला. सकाळी सहा नंबरमध्ये बसायची परवानगी मिळाली आहे. खुर्ची कपाटाजवळ लावली.

दुपारी

सकाळपासून गेम खेळतोय. पहिल्याच पातळीवर आहे. पाखऱ्या तयार असतो, घुंगरं वाजतात, आणि तो उपरण्यावाला पुढे येतो. सगळी बटणं दाबून बघितली. गोजराबाईला जमलं, मला जमत नाही.

संध्याकाळी

साधनाने विचारलं, काय दोष घावला का? कागदावर लिहून दिलं:

गेम चांगला आहे. बैल उत्तम आहे. दोष एकच. मधला माणूस हटत नाही.