टोपलीसकट वजन

मनमाड, १० जानेवारी १९८२

चि. मल्हारीस अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं तिसरं सूचनापत्र पोचलं. ससे पाळायला दिलेस की मला तुझ्या प्रेसमध्ये उमेदवारीला ठेवलंस, ते एकदा कळव. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला एक मादी सांभाळता येणार नाही, असं वाटतं का तुला?

दिवाळीत दिलेली पांढरी आता चार महिन्यांची झाली. जाळीला हनुवटी घासते, पाय आपटते. शेजारच्या गोजराबाई म्हणतात, माजावर आली, वाट कसली बघता. तीन किलो भरल्याशिवाय नराकडे न्यायची नाही हा तुझा हुकूम, म्हणून रेशनच्या दुकानात नेऊन तोलली. बरोबर तीन भरली. काल नराकडे सोडली. विचारत नाही, कळवते आहे.

सुलाचा बारावीचा अभ्यास कसा चाललाय? सशांवर दोन पानं लिहितोस, लेकीवर एक ओळ लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आक्का, यशोदा


नाशिक रोड, १६ जानेवारी १९८२

ती. आक्कास मल्हारीचा सप्रेम जयभीम.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. चार महिन्यांची मादी तीन किलो भरेलच कशी? तिच्याच विणीची बहीण माझ्याकडे परवा सव्वादोन भरली. स्वतःचीच वाढ व्हायची असताना पोटात पिल्लं वाढली, तर दोघांनाही पुरत नाही. कोवळी मादी पोटाचे केस उपटून घरटं करत नाही, पिल्लं उघड्यावर टाकते. वजनाबरोबर सहा महिन्यांची होईपर्यंतही थांब म्हणालो, ते काय गोजराबाईंचं मत घ्यायला? आता अठ्ठाविसाव्या दिवशी गवत घालून खोकं तरी ठेव.

सुलाचं जमत आलंय. मुलगा रेल्वेत, तुझ्याच मनमाडचा. त्यांना मे महिन्यात उरकायचंय. सुला गप्प गप्प असते, पण पोरी अशाच असतात. दाखल्यावर अठरा पूर्ण आहेत, कायद्याचीही अडचण नाही. तू थोरली. तुझा होकार आला की शब्द देतो.

रागाने लिहिलंय, पोटात घाल.
मल्हारी


मनमाड, १२ फेब्रुवारी १९८२

चि. मल्हारीस आशीर्वाद आणि जयभीम.

मंगळवारी पांढरी व्याली. सहा पिल्लं. खोकं कोरडं, एक केस उपटलेला नाही. सगळी जाळीवर गारठून मेली. ती कोपऱ्यात बसून आहे, घासाला तोंड लावत नाही. मलाही जेवण गोड लागेना.

मग आठवलं. दुकानात बुजून उडी मारेल म्हणून मी तिला टोपलीतच तोललं होतं, खाली ओला घासही होता. टोपली वजा करायचं सुचलं नाही. खरं सांगू, सुचू दिलं नाही. मला तीनच हवे होते.

आता सुलाचं. तिचं वय शाळेत कोणी लिहिलं, विसरलास? साडेचार वर्षांची होती, तुम्ही दोघं कामाला, घरी बघायला कोणी नाही म्हणून माझ्याकडे ठेवलीस, आणि मी सहा पूर्ण लिहून तिला पहिलीत बसवली. ती अठरा वर्षं टोपलीसकट आहेत, मल्हारी. पोर साडेसोळाची आहे, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. सशाच्या मादीसाठी काटा धरून बसतोस आणि लेकीच्या वेळी कागद दाखवतोस, याचा संताप येतो. स्वतःचाही येतो, कारण त्या कागदावर अक्षर माझं आहे.

माझा होकार नाही. तरीही तुझीच,
आक्का


नाशिक रोड, २५ फेब्रुवारी १९८२

ती. आक्कास जयभीम.

तुझं पत्र माझ्याआधी सुलाने फोडलं, त्यामुळे दडवायची सोय राहिली नाही. मुलाकडच्यांना नकार कळवला. ते चिडलेत. सुलाची आई माझ्याशी बोलत नाही, तुझ्याशीही बोलणार नाही, तयारीत राहा. पांढरीला मात्र दोन महिने नराकडे नेऊ नकोस.

काल इथली मादी तोलली. सुलाने आधी रिकामी टोपली काट्यावर ठेवली, आकडा लिहून घेतला, मग मादी बसवली. टोपली वजा जाता अडीच किलो. अजून थांबायचं, असं ती माझ्याकडे बघून म्हणाली. महिनाभरात ती माझ्याशी बोलली ते एवढंच.

परीक्षा झाली की तिला तुझ्याकडे धाडतो.
मल्हारी