मागापलीकडची बाई

प्रिय आईस, धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. तू लग्नाआधी माग चालवायचीस ती नदीकाठची गिरणी आता म्युझियम म्हणून इतकी चकाचक केलीये, की तू चपला हातात घेऊन चालशील! तुझा खोकला कसा आहे? दादा औषध वेळेवर देतो ना?

दुपारी पाहुण्यांना दाखवायला आम्ही एक माग चालवतो. त्या खडखडाटात लोक कानांवर हात ठेवतात. परवा मागापलीकडे एक बाई दिसली, केसांत कापूस अडकलेला. तुम्ही गिरणीत बोलायचात तसं नुसते ओठ हलवून तिने विचारलं, “जेवलीस का?” तू लहानपणी शिकवलं होतंस, म्हणून मीही तसंच उत्तर दिलं. माग थांबला, तर तिथे कुणीच नाही. साहेब म्हणाले, त्या बाजूला कुणाला सोडतच नाहीत.

आज ती म्हणाली, “आई कधी येतेय? तिचा माग मोकळाच ठेवलाय.”

मी ठणकावलं, “ती येणार नाही.” तशी ती छातीवर हात ठेवून तुझ्यासारखीच खोकली आणि हसली.

आई, दोनच ओळी लिही, पण स्वतःच्या हाताने. आणि कुणी नुसते ओठ हलवून बोलावलं, तर तिकडे बघूसुद्धा नकोस.

तुझीच,
धाकटी