नदीपलीकडची नोकरी

दादा, तुम्हाला अक्षरओळख नव्हती, तेव्हा हे मराठीत लिहिलं काय नि उर्दूत लिहिलं काय, तुमच्यापर्यंत सारखंच पोचणार. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आम्ही सध्या पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात आहोत. रझाकारांच्या धास्तीने गेल्या साली आलो. आता निजामाचं राज्य गेलं, आमच्यासारखी पळून आलेली छावणीतली माणसं गाड्या जुंपून परत निघाली आहेत. मला मात्र इथल्या जिनिंग कारखान्यात कारकुनाची जागा मिळते आहे. माझं वय चाळीस.

चोविसाव्या वर्षीही अशीच जागा चालून आली होती, वाशीमला, मामांच्या ओळखीने. तुम्ही तेव्हा साठीला टेकलेले. आई भाकरी थापत विचारते, "पोरगं जाईल, आन् तुमचं काय?" तुम्ही चुलीपाशी बसून लसणाची पाकळी सोलता आहात. म्हणता, "मी बी येतो. वावर माझा भाऊ पाहील. साठीत मानूस काय मुळं धरून ऱ्हाते व्हय? झाड हाय का मी?" आई हसते. मी हसत नाही.

मामांना मी लिहिलं, वडील म्हातारे आहेत, गाव सोडायला राजी नाहीत. पुढे मामांनीच तुम्हाला हिंगोलीच्या बाजारात विचारलं, तेव्हा तुम्हाला कळलं. घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "न्हाई जायचं तर नको जाऊ. पर माझं म्हातारपन म्होरं करू नको." खरं कारण वेगळं होतं. निजामाच्या कचेरीत सारं उर्दूत चाले; तिथल्या रद्दीतले कागद जुळवून, कोणा मौलवीच्या पायाशी न बसता, मी उर्दू शिकलो होतो. कचेरीसमोर लिंबाखाली माझी अर्ज लिहायची बैठक होती. वकीलसुद्धा माझा मसुदा वाचून मान डोलवत. लोक मुनशीजी म्हणत. वाशीमला, इंग्रजांच्या मुलखात, मला कोण ओळखणार होतं?

छावणीत आल्यावर टिनपत्र्यांसाठी सगळ्यांचे अर्ज मीच लिहिले, मराठीत, बिनचूक. फक्त सवयीने तारीख निजामाच्या फसली सालाची, तेराशेच्या घरातली, घातली. इथला कारकून ओरडला, "मुनशीजी, हा अर्ज सहाशे वर्षांमागचा दिसून राहिला! तवा ही कचेरी तरी होती काहो?" रांगेतली सगळी हसली. आपल्या गावचीसुद्धा. सत्तावीस अर्ज पुन्हा लिहिले.

काल तुमच्या सुनेला म्हणालो, परत जाऊ, वडलांचं वावर आहे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वावर तर तुमी कधी नांगरलं न्हाई. आन् तिथं बी आता उर्दू कोन इचारतं? तकलीफ दोनीकडं बराबर हाय. भ्या वाटून राहिलं आसंल तर तसं म्हना." मी म्हणालो, वाटतं. चाळिसाव्या वर्षी पोरांच्या हाताखाली बसायचं, भीती वाटते. ती म्हणाली, "मंग बसा भेतभेतच."

आज सकाळी जाऊन होकार दिला. मालकांनी कागद पुढे केला. मजकूर दोनदा वाचला, ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका दिसल्या, तशाच सोडल्या. सही मात्र उर्दूत केली. मालकांनी ती उलटसुलट पाहिली आणि कागद ठेवून घेतला. घरी तुमच्या सुनेला हे सांगितलं, वर म्हणालो, घाईत झालं. तसं नाही, दादा. मराठीत मी आजवर सहीच केलेली नाही. आता दुपारपासून रद्दी कागदावर मराठी सही गिरवतो आहे; अजून एकही माझी वाटत नाही.