गाफचं खोटं मूळ

१४ नोव्हेंबर २००८, शुक्रवार
आखातातल्या या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या मराठी बंधूंनो, आपलं दुःख एकच आहे. आपल्याला कोणी नोकरीवरून काढलेलं नाही. आपल्याला ‘लाँग लीव्ह’ दिली आहे. बिनपगारी. परत कधी बोलावणार असं विचारलं की एचआर म्हणतो, इन्शाल्ला.

(ही डायरी फक्त माझ्यासाठी. पण मंडळात अकरा वर्षं भाषणं केल्यावर ‘बंधूंनो’ म्हटल्याशिवाय पेन चालत नाही.)

संकल्प: रडायचं नाही. जिओकॅशिंग करायचं. वाळवंटात डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. लोकांनी ती शोधायची आणि आतल्या कागदावर सही करायची. इथले गोरे झुडपामागे प्लास्टिकचा डबा ठेवून मोकळे होतात. याला लपवणं म्हणत नाहीत, आळस म्हणतात. माझ्या डबीशेजारी बसून कोणी जेवला तरी ती त्याला दिसणार नाही.

कंपनीचा हातातला जीपीएस माझ्याकडेच आहे. रजेवर असलो तरी प्लॅनिंग इंजिनिअर तो प्लॅनिंग इंजिनिअर.

१५ नोव्हेंबर
अर्चनाला योजना सांगितली. ती म्हणाली, त्यापेक्षा चार ठिकाणी बायोडेटा टाका. बायकोला लांबचं दिसत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
मॉडेल एक: दगड. थर्मोकोल, त्यावर टाइल्सचं ग्राउट, त्यावर आमच्या बिल्डिंगच्या घसरगुंडीखालची वाळू. हुबेहूब. शेजारच्या सुरेशच्या गाडीतून लेहबाबच्या वाळवंटात नेला. तिथली वाळू लाल निघाली. माझा दगड पिवळा. हट्टा रोडवरून दिसत होता. सुरेश म्हणाला, उपेंद्र, बेसनाचा लाडू ठेवलायस का? दुर्लक्ष केलं.

चार वाजता वारा सुटला. दगड आधी घरंगळत आणि मग उडत शारजाच्या दिशेने गेला.

निष्कर्ष: डिझाइन बरोबर, हवा चूक.

१२ डिसेंबर, शुक्रवार
मॉडेल दोन: उंटाची लेंडी. माती, कॉफी पावडर, फेव्हिकॉल. ओव्हनमध्ये वाळत ठेवली. अर्चनाने ओव्हन उघडला. याविषयी अधिक लिहीत नाही.

२ जानेवारी २००९
नवं वर्ष, नवं साहित्य. मॉडेल तीन: गाफच्या झाडाचं वाळकं मूळ. लेहबाबला गाफखाली अशी शेकडो पडलेली असतात. प्लास्टिकचा पाइप, वर गोणपाट, गोंद आणि तिथलीच लाल वाळू. पाइप विकत आणावा लागला नाही. कपाटावर दोन्हीकडे बुचं लावलेला एक पडून होता. आत गणपतीचं जुनं कॅलेंडर, घट्ट गुंडाळलेलं. देवाचं म्हणून अर्चना टाकत नाही. मागची बाजू कोरी, सह्यांना उत्तम. पूर्ण उलगडलंही नाही. बाहेरची वीतभर जागा शंभर सह्यांना पुरेल.

३ जानेवारी
ठेवलं. दहा पावलं गेलो, वळून पाहिलं. मलाच दिसेना. डोळे भरून आले.

वेबसाइटवर लिहिलं, काठिण्य पाचपैकी पाच. हिंट द्यायची सोय होती. दिली नाही.

१६ जानेवारी
एक जर्मन आणि एक केरळी जोडपं हात हलवत परतले. दणदणीत विजय. इशिता बारा वर्षांची, इथेच वाढलेली. म्हणाली, “बाबा, झीरो फाइंड्स मीन्स नोबडी लाइक्स इट.” तिला अजिंक्य किल्ल्यांचं उदाहरण दिलं. तिने हेडफोन लावले.

१८ जानेवारी, रविवार
लाँग लीव्ह संपली. नोकरीही. एचआरने सही घेऊन जीपीएस काढून घेतला. व्हिसा कॅन्सल, देश सोडायला तीस दिवस. निघताना मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर तीन मिनिटं बोललो. एका गार्डने टाळी वाजवली. माशी असावी.

२० जानेवारी
अर्चनाने मला न सांगता शारजाच्या एका शाळेत इंटरव्ह्यू दिला होता. निवड झाली. टीचरला नवरा आणि मुलगी स्पॉन्सर करता येतात. म्हणजे मी बायकोच्या व्हिसावर! जेवताना स्वाभिमान या विषयावर बोललो. इशिताने विचारलं की मार्चच्या परीक्षेला ती इथे असेल ना. भाषण आवरतं घेतलं.

शाळेला बी.एड.चं अटेस्टेड मूळ सर्टिफिकेट एकोणतीस तारखेपर्यंत हवंय. मुंबई, दिल्ली, एम्बसी. सगळे ठप्पे मिळवायला अर्चनाच्या भावाला चार महिने लागले होते.

२१ जानेवारी, सकाळ
अर्चना सर्टिफिकेट शोधते आहे. वस्तू जागच्या जागी ठेवण्याचं महत्त्व मी तिला समजावलं.

दुपारी तीन
ती म्हणते, कपाटावरच्या पाइपात होतं. चुरगळू नये म्हणून कॅलेंडरमध्ये गुंडाळून.

तीन वाजून पाच मिनिटं
चहा केला. दोघांसाठी.

२२ जानेवारी
सांगितलं. प्रस्तावना जरा लांबली. अर्चनाने मध्येच विचारलं, “कुठे?”

२३ जानेवारी, शुक्रवार
सकाळी सातला आम्ही तिघं आणि सुरेश लेहबाबला. त्याच्या गाडीतल्या जीपीएसने बरोबर झाडापर्यंत नेलं. झाडाखाली दोनशे मुळं. सगळी खरी. अर्चना एकेक उचलून वाकवून बघत होती. मी म्हटलं, काठिण्य पाच आहे. सुरेशने मला बाजूला नेऊन गप्प बसायला सांगितलं.

अकरापर्यंत काही नाही. इशिता वाळूत बसून रडायला लागली. तेव्हा पलीकडच्या उंटांच्या फार्मवरचा म्हातारा राखणदार, मोहिद्दीनचाचा, पाणी घेऊन आला. काय हरवलं म्हणाला. मी सांगायला लागलो, अर्चनाने दोन शब्दांत संपवलं. तो आम्हाला त्याच्या पत्र्याच्या खोलीत घेऊन गेला. उशीखाली एक पिशवी. तिच्यात त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि अर्चनाचं सर्टिफिकेट. रोज सरपण वेचतो, त्यात हे मूळ आलं. चुलीत घातलं, प्लास्टिकचा वास सुटला, ओढून काढलं. कॅलेंडर अर्धं जळालं होतं. आतल्या कागदाला धग नाही.

“इस पे एम्बसी का ठप्पा है, बहनजी,” तो म्हणाला. “ये कोई फेंकता नहीं. मालूम था, कोई रोते रोते आएगा.”

मी विचारलं, उचलताना जराही संशय आला नाही?

“लकड़ी ही तो थी, साब.”

पाचपैकी पाच! पहिला फाइंड म्हणून त्याची सही घ्यायला पेन काढलं. अर्चनाने पाहिलं. पेन खिशात ठेवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
पासपोर्ट आला. स्पॉन्सरच्या जागी अर्चनाचं नाव. तिला शाळेची बस सव्वासहाला, म्हणून पाचला उठून तिचा डबा भरला. पोळ्यांचे नकाशे झाले. हा डबा मात्र तिला पहिल्या फटक्यात सापडला.

वेबसाइटवरून मॉडेल तीन काढून टाकलं. कोणी विचारलं नाही.

बंधूंनो, आज भाषण नाही. एकच काम सांगतो. उठा, कपाटावरचं जुनं कॅलेंडर खाली काढा आणि शेवटपर्यंत उलगडून बघा.